हेलिकॉप्टरचा फुगा आणि तिसरं ‘नको’

आमच्या मिनेसोटात पहिलं ‘नको’ म्हणजे नमस्कार. दुसरं ‘नको’ म्हणजे ‘बसा ना, उभे का?’ खरं ‘नको’ ते तिसरं. कॉफी असो, केक असो, नाहीतर दारातला बर्फ उपसून द्यायचा असो, विचारणाऱ्यानं तीनदा विचारायचं आणि समोरच्यानं दोनदा नाकारून मग काय ते ठरवायचं. पहिल्याच खेपेला कुणी ‘हो’ म्हणालं तर त्याला कॉफी मिळते, पण तो गेल्यावर त्याच्या आईवडिलांनी त्याला कसं वाढवलं असेल यावर चर्चा होते.

दुसरी रीत अशी, की ताटातला शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा नाही. एक वडी उरली की येणारा माणूस अर्धी कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याची अर्धी. आमच्या चर्चच्या तळघरात मी वडीचा असा कण पाहिलाय, की तो कापायला घड्याळजीला बोलवावं लागलं असतं. तोही नम्रपणे अर्धाच घेऊन गेला असता.

या दोन रीतींत मी वाढले, लग्न केलं, पोरगी वाढवली. कधी तक्रार केली नाही. माझ्या हेलिकॉप्टरच्या फुग्यावर बेतलं तेव्हा मात्र केली.

हेलिकॉप्टर म्हणजे खरं नव्हे. मॉडेल. माझ्या दोन्ही हातांत मावेल न मावेल एवढं, पण उडणारं. इथे हिवाळ्यात माणसाला दोनच उद्योग असतात: गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माशाची वाट बघायची, नाहीतर तळघरात बसून काहीतरी बनवायचं. माशांचं खातं माझ्या नवऱ्याकडे, आयव्हरकडे. म्हणून मी तळघर घेतलं. शिकवलं कुणी नाही. स्क्रू एकदा उलटा बसवला की दुसऱ्यांदा तो आपोआप सुलटा बसतो, एवढीच माझी शाळा. उडवायचा सरावही तिथेच, जुन्या संगणकावर. आता त्या संगणकापुढची खुर्ची मला रोज खाली करून घ्यावी लागायची. आदल्या दिवशी मी माझ्या मापाची करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत उंच! खुर्ची जुनी आहे, वर सरकत असेल, असं मी मनाशी म्हटलं. जुन्या खुर्च्या खालीच सरकतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

हेलिकॉप्टरच कशाला, विमान का नाही, असं मॉडेल उडवणाऱ्यांच्या क्लबातले पुरुष विचारायचे. त्याला कारण आयव्हर.

आयव्हर शेतांवर फवारणी करायचा. गोल काचेच्या तोंडाचं हेलिकॉप्टर होतं त्याचं. लांबून बघावं तर साबणाच्या फुग्यात माणूस बसून चाललाय. तो फुगा आयव्हर रोज सकाळी स्वतः धुवायचा. साबणाचं पाणी आणि उघडा तळहात, बस्स. फडकं नाही, कारण फडक्यात वाळूचा कण लपतो. उन्हात काचेवरचा ओरखडा विजेच्या तारेसारखा दिसतो, आणि तार ओरखड्यासारखी. पहिली चूक झाली तर माणूस उगाच दचकतो. दुसरी झाली तर तो जेवायला घरी येत नाही.

मग डॉक्टरला त्याच्या हृदयाची चाल पसंत पडली नाही आणि लायसन्स गेलं. आयव्हर म्हणाला, “बरं.” एवढंच. पण तेव्हापासून डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की हा खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागायचा. पायात बिननाडीचे बूट असले तरी.

म्हणून मी त्याचं हेलिकॉप्टर बनवलं. तसंच, पिवळं. आत लाल टोपीवाला बोटभर माणूस बसवला. मेमधल्या एका रविवारी क्लबाचा उडवायचा दिवस असतो, तर मी विचारलं, “येशील?”

तो गळाला पीस बांधत होता. म्हणाला, “फुगा स्वच्छ असला तर बघू.”

आता हा माणूस लग्नाच्या दिवशी मला बघून “वाईट नाही” म्हणाला होता, आणि आमच्याकडे त्याच्यापुढे कौतुकाला शब्दच नाही. तेव्हा ‘बघू’ ही फार मोठी गोष्ट होती. सगळं त्या फुग्यावर येऊन ठेपलं. आणि मॉडेलला बसेल असा प्लास्टिकचा फुगा होता एकच. तो बनवणारा म्हातारा साचा मोडून मधमाश्या पाळायला लागला होता. हा शेवटचा. त्यानं तोही मधाच्या बाटलीबरोबर पाठवला, आणि मधाची बाटली गळकी होती. पण ते जाऊ दे, मध निघाला.

फुगा आला ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. टपालखात्यातली बाई म्हणाली, टूथपेस्टनं घास. पेट्रोलपंपावरचा म्हणाला, गाडीचं मेण लाव. दंतवैद्यानं माझं तोंड उघडं असताना सांगितलं, की फुगा बसवायला इन्स्टंट गोंदाशिवाय पर्याय नाही. त्या गोंदाच्या वाफेनं असलं प्लास्टिक दुधासारखं पांढरं होतं, हे मला सांगायचं होतं, पण त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. घरी येईपर्यंत त्याची माझी सहमती झाली आहे असं गावभर झालं होतं.

आणि मग शेजारचा ड्वेन हौगलँड आला.

फुगा साच्यातून निघतो तेव्हा त्याला भोवती पसरट झालर असते. ती वाकड्या कात्रीनं कापायची. रेषेवर नाही, रेषेच्या किंचित बाहेरून. उरलेलं ओल्या पॉलिश पेपरनं घासत घासत रेषेपर्यंत आणायचं. हे सगळं मी टेबलावर मांडून बसले होते.

“मदत करू का?” ड्वेननं दारातूनच विचारलं.

“नको रे, कशाला तुला त्रास.”

“त्रास कसला! बसलोच आहे रिकामा.”

“नको ड्वेन, खरंच नको.”

“बघ हं आर्लिस. माझ्या बोटीची पुढची काच मी स्वतः कापली होती.”

ड्वेनची बोट तळ्यावर निघाली की त्या काचेच्या फटीतून शिट्टी वाजते. लोक तिला आगगाडी म्हणतात. तिसरं ‘नको’ माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, देवाशपथ, आणि तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली. आत हॉटडिश होती, म्हणजे बटाट्याचे थर लावून भाजलेला पदार्थ, ती करपली असती. मी धावले. परत आले तर ड्वेन माझ्या खुर्चीत, बाह्या वर सारून, हातात कात्री. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो चुकला नव्हता. तीनदा विचारलं, नकार दोनच आले.

“रेषेच्या बाहेरून काप हो,” मी म्हटलं.

“मग रेष काढलीस कशाला?”

“तिथपर्यंत घासत यायचंय.”

“बायकांना कामं वाढवायची हौसच असते,” असं म्हणून तो अगदी छान कापत निघाला. मला वाटलं, चला, माणसाला उगीच नावं ठेवली. तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी नवी बोट ओढत नेली आणि ड्वेननं मान वळवली. कात्रीनं काही थांबायचं कारण नव्हतं.

‘टिक्’ असा आवाज झाला. नखाएवढी चीर. पण पातळ प्लास्टिकमधली चीर एका जागी राहत नाही, ती प्रवासाला निघते. उपाय एकच. सगळी कड चिरेच्या वरपर्यंत कापून आणायची. म्हणजे आता फुग्याच्या खाली बोटभर फट राहणार आणि लाल टोपीवाल्याचे बूट उघड्यावर लोंबणार.

ड्वेननं कात्री हळूच खाली ठेवली. मग म्हणाला, “वारा खेळेल.”

मी त्याला हॉटडिश दिली. तीनदा विचारून.

पुढचे दिवस मी कड घासत काढले. बोटं फिरवून बघायची, जिथे अडकेल तिथे पुन्हा पेपर. गुरुवारी ती कड अशी झाली की गालाला लावली तरी कळू नये. मी लावून बघितली. वरचा ओरखडे अडवणारा दुधट कागद सोलला, फुगा साबणाच्या तळहातानं धुतला आणि उघडी बाजू वर करून भांडी निथळायच्या जाळीत ठेवला. आणि फटीवर लावायला रबराची पट्टी आणायला म्हणून शेजारच्या गावी गेले.

परत आले तर जाळी रिकामी.

“आयव्हर! फुगा कुठाय?”

“कुठला?” तो वर्तमानपत्रामागून म्हणाला.

“इथे जाळीत होता.”

तो विचार करायला लागला. आयव्हर विचार करतो तेव्हा मधे एखादा ऋतू बदलू शकतो. “बोर्गहिल्ड आली होती,” तो म्हणाला.

बोर्गहिल्ड म्हणजे माझी नणंद, त्याची थोरली बहीण. “मग?”

“एक भांडं घेऊन गेली.”

“कसलं भांडं?”

“मी नाही बघितलं. म्हणाली, आर्लिसनंच सांगितलंय, माझ्या स्वयंपाकघरातलं काही लागलं तर खुशाल ने.”

सांगितलं होतं. नाताळात. पण ते काय कुणी खरं करण्यासाठी सांगतं?

फोन केला, उचलेना. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, घराला कुलूप नव्हतं पण तीही नव्हती. घरी परतले, चर्चला न्यायची हॉटडिश ओव्हनमधून काढली, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: आज शुक्रवार. चर्चचं वसंतातलं जेवण. आणि जेवणाला बोर्गहिल्ड जेली करते. ल्युथरन बाईच्या जेलीला चव नसली तरी चालते, आकार हवा.  मी हॉटडिश टेबलावरच विसरून गाडी काढली.

चर्चच्या तळघरात लांब टेबलावर जेल्या मांडल्या होत्या. लाल, केशरी, पिवळी. आणि बरोब्बर मधोमध, लवंडू नये म्हणून साखरेच्या डब्यात टेकवलेला माझा फुगा. काठोकाठ हिरवीगार जेली, आणि तिच्यात गाजराचा कीस असा तरंगत होता, जणू तळ्यातली माशांची पिल्लं. भोवती बायकांचा घोळका.

“काय तेज आहे गं साच्याला!”

“आरपार दिसतंय बघ!”

“आर्लिसचा आहे,” बोर्गहिल्ड अभिमानानं सांगत होती. “पोरगी कधी बोलली नाही, पण चीज आहे तिच्याकडे.” आणि तिनं चुलीवरच्या वाफाळत्या पातेल्याकडे बघितलं. जेली साच्यातून सुटावी म्हणून साचा क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवतात. पातळ प्लास्टिक त्या पाण्यात बुडवलं असतं तर सुरकुतलेलं आलुबुखार बाहेर आलं असतं.

“नको!” मी जिन्यावरूनच म्हटलं.

“अगं, मला काही त्रास नाही,” बोर्गहिल्ड म्हणाली आणि फुगा उचलला.

“बोर्गहिल्ड, नको!”

“तू बस गं, दमलेली दिसतेस. मी करते ना.”

फुगा वाफेवर गेला होता. आमच्या गावाच्या इतिहासात जे कुणी केलं नसेल ते मी केलं. तिनं तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच, एका दमात, छतावरचे दिवे हलतील अशा आवाजात ओरडले: “नको! नको!! नको!!!”

 कुणाच्या तरी हातातला चमचा पडला. मी बेशरमपणे तीन ‘नको’ एकदम वापरले होते, आणि वर दोन शिलकीतले.

बोर्गहिल्डनं फुगा खाली ठेवला. “आवडली नाही तर तसं सांग,” ती बारीक आवाजात म्हणाली. “मी गाजर कमी घातलं असतं.”

मग सांगावं लागलं सगळं. हेलिकॉप्टर, मधमाश्या, आयव्हर, रविवार. आयव्हरचं नाव आलं तसा बोर्गहिल्डनं पदर… नव्हे, एप्रन डोळ्यांना लावला. बुटाच्या नाड्यांचं तिलाही माहीत होतं.

पण जेली काढायची कशी? उलटा केला तर सुटेना, एक तर फुगा आतून आरशासारखा गुळगुळीत, त्यात बोर्गहिल्ड जिलेटिन दुप्पट घालते. सुरी चालवायची नाही. धातूचा चमचा नको. कोमट पाणी चाललं असतं, हे मला रविवारी सुचलं. शेवटी आमचे पास्टर ओस्बीच म्हणाले, “खाऊन टाकू या.”

लाकडी चमचे आले. पास्टरांनी प्रार्थना म्हटली, तीत फुग्याचा उल्लेख केला, आणि रांग लागली. “हळू गं, कडेला लावू नकोस!” “मधूनच घे, मधूनच!” ज्यांनी आयुष्यात हिरवी जेली खाल्ली नव्हती त्यांनीही आयव्हरसाठी खाल्ली. ड्वेन तर दोनदा रांगेत लागला. बिचाऱ्याला ती चीर लागून राहिली असावी.

आणि मग तळाशी एक घास उरला.

रांग थांबली. पुढचा माणूस होता मर्ल, आमच्या क्लबाचा अध्यक्ष. त्यानं अर्धा घास घेतला. मागच्या बाईनं त्याचा अर्धा. पास्टरांनी त्याचा पाव. तळाशी पावट्याएवढी जेली राहिली, एका गाजराच्या किसासकट, आणि सगळं गाव तिच्याभोवती हात मागे बांधून उभं राहिलं.

“तुम्ही घ्या पास्टर.”

“छे छे, बोर्गहिल्ड, तुमचीच आहे.”

“माझं झालं बाई.”

जिन्यावर पावलं वाजली. आयव्हर. हातात मी विसरलेली हॉटडिश. त्यानं ती खाली ठेवली, गर्दीतून वाट काढली आणि फुग्यात बघितलं. आरपार बघितलं. मग बोट घालून शेवटची जेली उचलली आणि खाल्ली. त्याला हिरवी जेली लहानपणापासून आवडत नाही, हे तिथं दोघींनाच माहीत होतं, आणि एकीनं एप्रन पुन्हा डोळ्यांना लावला.

मग फुगा घेऊन तो मोरीशी गेला. नळाचं पाणी मनगटावर घेऊन बघितलं. साबण घेतला, बाह्या दुमडल्या आणि उघड्या तळहातानं, गोल गोल, आतून बाहेरून, तो फुगा धुवायला लागला.  दिव्याकडे धरून त्यानं तो फिरवून बघितला. फार वेळ बघितला.

“ओरखडा नाही,” तो म्हणाला.

शनिवारी आम्ही तो बसवला. मी म्हणते ‘आम्ही’. मी तळघरात गेले तर हा आधीच तिथे. फुगा सांगाड्यावर टेकवायचा, आतल्या खुंट्या दिसतात तिथे बाहेरून खूण करायची, खुणेवर चिकटपट्टी लावायची आणि टोकदार निमुळत्या सळईनं, हातानंच, हळूहळू भोक मोठं करत न्यायचं. मशीन लावलं की तडकलंच. मी फिरवत होते, तो फुगा धरून होता. भोकात रबरी कड्या बसल्या, खुंट्यांवर फुगा चढला.

“घट्ट करू?”

“नको. काचेला आवळलं की ती बदला घेते.”

फटीवर रबराची काळी पट्टी बसली. लाल टोपीवाल्याचे बूट झाकले गेले. दोघंही मागे सरून बघत होतो, तेव्हा मला पट्टीच्या आतल्या बाजूला, त्या माणसाच्या पायाशी, गाजराचा एक कीस दिसला. काढायचं तर सगळं पुन्हा उतरवावं लागलं असतं.

“राहू दे,” आयव्हर म्हणाला. “त्याचा डबा असेल.”

रविवारी मैदानावर मर्लची तपासणी. आमचं मैदान टर्कीच्या शेडला लागून आहे आणि टर्की हा फार हळवा पक्षी आहे, त्यामुळे नियमांना अंत नाही. नवीन मशीन असेल तर आधी टर्कीवाल्याला दाखवायचं, शेडच्या बाजूला तोंड करून उठायचं नाही, पिवळ्या रंगाला वेगळी परवानगी. परवानगी देणाऱ्या तिघांतला एक हिवाळा घालवायला उबदार ॲरिझोनात गेलेला, तो अजून परतला नव्हता, तर त्याला फोनवरून हेलिकॉप्टरचं वर्णन करून सांगितलं. मर्लनं भिंग लावून फुगा बघितला.

“आत परकी वस्तू आहे,” तो गंभीरपणे म्हणाला.

“तू परवा तीच खाल्लीस,” बोर्गहिल्ड मागून म्हणाली.

मर्लनं भिंग खिशात टाकलं.

वारा पडला होता. मी रिमोट गळ्यात अडकवला. आयव्हर शेजारी उभा होता. बूट घट्ट, नाड्या बांधलेल्या, वाकायला काही कारण नाही.

“तू उडव,” मी म्हटलं.

“नको. तुझं आहे.”

“उडव ना.”

“नको, आर्लिस.”

मी श्वास घेतला. तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवायची. “आयव्हर, उडवतोस का?”

त्याचं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी मर्लनं मैदान मोकळं असल्याची शिट्टी फुंकली, शेडमधल्या सगळ्या टर्क्यांनी एकसुरात तिला उत्तर दिलं, आणि आयव्हर जे काही म्हणाला ते माझ्यासकट कुणालाही ऐकू आलं नाही. मी रिमोट त्याच्या गळ्यात अडकवला. नियम म्हणजे नियम.

पाती फिरली. हेलिकॉप्टर गवतावरून उठलं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, आणि थांबलं. हललं नाही. पहिल्यांदा रिमोट धरणाऱ्या माणसाचं असं थांबत नसतं. मग आयव्हरनं हेलिकॉप्टरचं तोंड हळूच आपल्याकडे वळवलं. हे सगळ्यात अवघड, कारण तेव्हा डाव्याचं उजवं होतं. मला अजून जमत नाही. तेव्हा मला संगणकापुढची ती रोज उंच होणारी खुर्ची कळली. आयव्हर माझ्याहून वीतभर उंच आहे.

फुग्यात ऊन भरलं होतं. एकही तार नाही, एकही ओरखडा नाही. आत लाल टोपीवाला आपल्या डब्यासकट बसला होता आणि सरळ आयव्हरकडे बघत होता. आयव्हर त्याच्याकडे. दोघांना कुठे जायची घाई दिसली नाही.

खाली उतरवल्यावर त्यानं रिमोट मला परत दिला, गुडघ्यावर बसला आणि फुग्यावरून एकदा तळहात फिरवला.

“कसं होतं?” मी विचारलं.

“वाईट नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून, एवढं बोलायची सवय नसल्यासारखं: “अजिबात वाईट नाही.”

बोर्गहिल्डनं रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट फिरवलं होतं. ते आमच्यापाशी आलं तेव्हा एकच उरली होती. अख्खी. भोवती माणसं उभी होती, सुरी ताटातच होती आणि ड्वेनचा हात तिच्याकडे सवयीनं निघाला होता. आयव्हरनं ती वडी उचलली. न कापता. सगळ्या गावासमोर माझ्यापुढे धरली.

“घे,” तो म्हणाला.

मी घेतली. एकदाही ‘नको’ म्हटलं नाही.